उष्णतेचा रहाट

आपल्या घरांत दिवसाचा आरंभ स्नानानें होतो आणि स्नानाचा आरंभ ऊन पाण्यानें. ज्या घरांत आजोबांपासून तान्ह्या नातवापर्यंत दहा-बारा माणसें एका छपराखालीं नांदतात, तेथें ऊन पाणी ही केवळ सोयीची वस्तु राहत नाहीं. कोणी आधीं नहावयाचें, कोणाला किती पाणी, कोणाच्या वेळीं तें संपलें, ह्यांवर सकाळची प्रसन्नता अवलंबून असते. मागील पिढ्यांत हें काम तांब्याच्या बंबानें केलें. बंबाचे दोष पुष्कळ होते. धूर होता, राख होती, पहाटे उठून तो पेटविणाराची तपश्चर्या होती. परंतु त्याचा एक गुण मोठा होता. तो धोक्याचा आहे हें पाहतांक्षणींच कळे. तापलेल्या बंबाजवळ जाऊं नये हें तीन वर्षांच्या मुलालाही कोणी शिकवावें लागत नसे.

पुढें विजेचे व गॅसचे गीझर आले, आणि आतां हवेंतील उष्णता घेऊन पाणी तापविणारें ‘हीट पंप’ नांवाचें यंत्र कांहीं घरांच्या गच्च्यांवर दिसूं लागलें आहे. हें यंत्र धूर करीत नाहीं, ज्वाला दाखवीत नाहीं. कोपऱ्यांत मंद घरघर करीत उभें असतें. त्याचा हा सौम्यपणा मोठा सुखाचा आहे, पण त्यामुळेंच त्याच्याविषयीं जें समजून घ्यावयाचें तें घरांतील कोणीच समजून घेत नाहीं. यंत्र बसवून देणारा निघून जातो, माहितीचें पुस्तक कपाटांत जातें, आणि बारा माणसांचें स्नान अशा एका वस्तूवर चालूं लागतें कीं जिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाचीच नसते. ह्या लेखाचा विषय हीच जबाबदारी होय.

आमच्या पुण्याच्या घरीं हें यंत्र हौसेनें आलें नाहीं. पूर्वीं न्हाणीघरांतच गॅसचा गीझर होता. खिडकी लहान, आणि थंडींत तीही बंद. एके पहाटे धाकट्या जाऊबाई स्नानास गेल्या त्या बराच वेळ बाहेर येईनात. हाकांना अस्पष्ट उत्तर आलें. भावोजींनीं कडी मोडून दार उघडलें, तेव्हां त्या भिंतीस टेकून बसल्या होत्या व त्यांना उभें राहण्याचें त्राण नव्हतें. मोकळ्या हवेंत आणल्यावर आणि पुढें रुग्णालयांत प्राणवायु दिल्यावर त्या पूर्ण बऱ्या झाल्या. कोंडलेल्या जागेंत गॅस जळूं लागला कीं प्राणवायु अपुरा पडतो, ज्वलन अर्धवट होतें आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायु तयार होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनाशीं तो प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट जडतो, आणि आपण गुदमरत आहों हें कळण्याच्या आधींच माणसाचें बळ हरपतें. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंत असावा असें सांगतात तें ह्याचसाठीं. मामंजींनीं त्याच दिवशीं तो उतरवून ठेविला. गच्चीवर शेजारच्या इमारतीची सावली पडत असल्यामुळें सूर्यचूल-पद्धतीचा पाणीतापक आम्हांस सोयीचा नव्हता. म्हणून हीट पंपाचा विचार सुरू झाला.

ह्या यंत्राचें मर्म मामंजींनीं मुलांना जसें समजावून दिलें तसेंच येथें सांगतें. पाणी उंचावरून सखल जागीं आपोआप वाहतें. उष्णताही तापलेल्या वस्तूकडून थंड वस्तूकडे आपोआप जाते. उलट दिशेनें न्यावयाची असेल तर श्रम खर्चावे लागतात. विहिरीचें पाणी पाटांत आणण्यास रहाट लागतो आणि रहाटाला बैल लागतो. बैल पाणी निर्माण करीत नाहीं. असलेलें पाणी तो वर आणवितो. हीट पंप हा उष्णतेचा रहाट आहे. बाहेरची हवा आपल्याला गार लागली तरी तिच्यांत उष्णता असतेच. ती उपसून टाकींतील पाण्यांत ओतावयाची, एवढेंच त्याचें काम. विजेचा गीझर मात्र सगळी उष्णता विजेपासून स्वतः निर्माण करतो, म्हणून त्याला वीज अधिक लागते.

ह्या रहाटाचीं गाडगीं म्हणजे यंत्राच्या बंद नळ्यांतून फिरणारा एक विशेष पदार्थ. व्यवहारांत त्याला नुसतें ‘गॅस’ म्हणतात. साध्या दाबाखालीं तो शून्याच्या खालीं वीस-पंचवीस अंशांवर किंवा त्याहूनही थंड असतांना उकळतो. बाहेरच्या अंगास पातळ पत्र्यांची जाळी असते. तिच्यांतून पंखा हवा ओढतो. आंतील नळींत तो द्रव उकळून वायुरूप होतो आणि त्यासाठीं लागणारी उष्णता हवेपासून घेतो. माठांतून झिरपलेलें पाणी वाळतांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें, तोच हा प्रकार. मग कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो. सायकलींत हवा भरतांना पंपाचें तोंड तापतें; त्याप्रमाणें दाबलेला वायु तापतो, आणि टाकींतील पाण्याहून अधिक ऊन झाला कीं आपली उष्णता पाण्यास देऊन पुन्हां द्रव होतो. शेवटीं एका अरुंद वाटेनें सोडल्यावर त्याचा दाब उतरतो, तो थंड होतो, आणि गाडगें पुन्हां भरण्यास रिकामें होतें. गॅस आणि पाणी ह्यांच्यामध्यें सर्वत्र धातूची भिंत असते.

ही कल्पना नवी नव्हे. पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले विल्यम टॉमसन ह्यांनीं १८५२ सालींच ती मांडली होती. १९३८ सालीं स्वित्झर्लंडांत झ्यूरिच शहराच्या नगरभवनांत लिम्मत नदीच्या पाण्यांतील उष्णता घेऊन इमारत उबविणारा पंप चालूं झाला. आज युरोपांत ह्या यंत्रांचा मुख्य उपयोग घरें उबविण्यासाठींच होतो. इंग्लंडांत असलेल्या आमच्या एका पुतण्याच्या घरीं तेंच आहे. तेथें पाणी चाळीस अंशांच्या आसपास ऊन करून खोल्यांतील मोठ्या पत्र्यांतून दिवसभर सावकाश फिरवितात. कडक थंडींत बाहेरच्या जाळीवर हिम सांचतें, आणि तें वितळविण्यासाठीं यंत्र मधूनमधून स्वतःच उलटें चालतें. त्या वेळीं निघणारा वाफेचा लोट पाहून पहिल्या वर्षीं शेजारणीनें आग लागली म्हणून दार ठोठावलें होतें! आपल्याकडे घर उबविण्याचा प्रश्न नाहीं. आपल्याला हवें तें स्नानाचें पाणी, आणि तेंही बहुतांशीं सकाळच्या दोन तासांत.

रहाटाची उपमा येथें आणखी एका कामीं येते. विहीर जितकी खोल, तितके बैलाला श्रम अधिक. हवा जितकी थंड आणि पाणी जितकें अधिक ऊन करावयाचें, तितकी ही विहीर खोल होते व वीज अधिक लागते. पुण्याच्या थंडींत पहाटे दहा-बारा अंश असलेली हवा दुपारीं अठ्ठावीस-तीस अंशांपर्यंत चढते. म्हणजे पहाटे चारला यंत्र चालविणें हें खोल विहिरीवर बैल जुंपण्यासारखें आहे, आणि दुपारीं दोनला चालविणें हें काठोकाठ भरलेल्या विहिरीवर. टाकीला जाड वेष्टन असल्यामुळें दुपारीं तापविलेलें पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत चांगलें ऊन राहतें. आम्हीं यंत्राची वेळ दुपारची ठेवली आहे.

हिशेब असा. १ लिटर पाणी १ अंशानें तापविण्यास १.१६ वॅट-तास उष्णता लागते. आमची टाकी ३०० लिटरांची. २२ अंशांचें पाणी ५५ पर्यंत नेण्यास सुमारें साडेअकरा युनिटें लागतात. विजेच्या गीझरांत तेवढीं सर्व मीटरवर पडतात. हीट पंपानें तीनपट काम दिलें तर मीटरवर चारांहून कमी पडतात. एवढ्या पाण्यांत विसण घातल्यावर बारा माणसांस प्रत्येकीं चाळीस लिटर अंगास सोसेलसें पाणी मिळतें. यंत्र विकणारे पत्रकावर चारपट, पांचपट असे आंकडे देतात; तो आंकडा हवेच्या किती उष्णतामानास व पाणी कितीपर्यंत तापविण्यास धरलेला आहे, हें विचारल्यावांचून त्याला अर्थ नाहीं.

आतां यंत्र बसविण्याविषयीं. पहिला प्रश्न जागेचा. एका विक्रेत्यानें आमच्या मागच्या बाजूच्या अरुंद, तिन्ही बाजूंनीं बंद अशा पोकळींत तें बसविण्याचें सुचविलें, कारण तेथें नळ जवळ होते. परंतु उष्णता काढून घेतलेली गार हवा यंत्र पुढें फेकीत असतें. ती बाहेर जाण्यास वाट नसली तर तीच पुन्हां आंत ओढली जाते, आणि रहाट स्वतःचीच विहीर आटवूं लागतो. म्हणून यंत्र मोकळ्यावर हवें. मागें, बाजूंस व पंख्यासमोर किती अंतर सोडावें हें त्याच्या पुस्तकांत छापलेलें असतें, तें इंचभरही कमी करूं नये. समोर वाळत घातलेली एखादी नऊवारीसुद्धां त्याची हवा अडविण्यास पुरेशी होते.

दुसरा प्रश्न वजनाचा. ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो, वर टाकीचें वजन निराळें. जुन्या घराच्या गच्चीवर हा भार कोणत्या तुळईवर, कोणत्या खांबावर येतो, हें बांधकामाच्या अभियंत्याकडून पाहून घेतल्यावांचून टाकी चढवूं नये. यंत्राखालीं रबराच्या गाद्या घालाव्या, म्हणजे खालच्या खोलींत घरघर उतरत नाहीं. आणि शेजाऱ्यांच्या निजावयाच्या खोलीकडे पंख्याचें तोंड करूं नये. जाळीवर हवेंतील बाष्प जमून पाणी ठिबकतें. पावसाळ्यांत तें दिवसाकांठीं बादल्यांनीं मोजावें इतकें असतें. त्यास उतार असलेली नळी हवी, नाहींतर गच्चीवर शेवाळ व डांस ह्यांचें राज्य होतें. आमच्याकडे हें पाणी झाडांना जातें. कोंकणांत समुद्राजवळ राहणाऱ्यांनीं, माझें माहेर तिकडचें म्हणून मुद्दाम लिहितें, जाळीवर खाऱ्या हवेस दाद न देणारा लेप आहे कीं नाहीं हें आधींच विचारून घ्यावें.

तिसरा प्रश्न विजेचा, आणि येथें काटकसरीस मुळींच जागा नाहीं. यंत्रास मुख्य बोर्डापासून स्वतंत्र, पुरेशा जाडीची तार, स्वतःचा एम.सी.बी. आणि ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. हवा. तारेंतील वीज अन्य वाटेनें, एखादे वेळीं माणसाच्या अंगांतून, निसटूं लागली कीं हा शेवटला पहारेकरी क्षणार्धांत प्रवाह तोडतो. परंतु तो अर्थिंगाचा पर्याय नव्हे. जुन्या घरांत अर्थिंगाची तार पुष्कळदां जमिनींत जाणाऱ्या लोखंडी नळास बांधलेली असते. पुढें कधीं तरी नळ बदलून प्लॅस्टिकचे घातले जातात, आणि त्या दिवशीं घराचें अर्थिंग कोणास न कळतां नाहींसें होतें. भिंतींतील भोंकें मात्र तीनचीं तीनच दिसत राहतात. आमच्या घरीं परवानाधारक वायरमननें मापून पाहिलें तेव्हां अगदीं हीच स्थिति निघाली. नवें अर्थिंग जमिनींत पुरून, मापून घेतल्यावरच यंत्र जोडलें गेलें.

चौथा प्रश्न गॅसचा. यंत्राच्या अंगावर पट्टी असते; तिच्यावर कोणता गॅस किती भरला आहे तें लिहिलेलें असतें. आर-४१०-ए किंवा आर-१३४-ए हे सहसा पेटत नाहींत, आर-३२ मंदपणें पेटूं शकतो, आणि आर-२९० म्हणजे तर शुद्ध प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरांतील गॅसचाच सख्खा भाऊ. तो हवेहून जड असल्यामुळें गळाल्यास खालीं सांचतो. असें यंत्र गटाराचें तोंड, तळघराचा झरोका, खिडकी किंवा देवापुढील निरांजन-उदबत्ती ह्यांच्याजवळ असूं नये. ‘दर वर्षीं गॅस भरून घ्यावा लागतो’ ही समजूत चुकीची आहे. नळ्या बंद असतात. गॅस कमी झाला तर तो कोठून तरी गळाला आहे, आणि आधीं ती गळती शोधली पाहिजे. हें काम शिकलेल्या तंत्रज्ञाचेंच. शिवाय आर-४१०-ए हवेंत सोडला तर तो शंभर वर्षांच्या हिशेबानें कार्बन डायॉक्साइडच्या दोन हजारांहून अधिक पट पृथ्वी तापवितो. तेव्हां निष्काळजीपणानें सोडलेला गॅस हें केवळ घरचें नुकसान नव्हे.

पांचवी गोष्ट सर्वांत लहान दिसते, व माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची आहे. पाणी तापलें कीं फुगतें. २० अंशांवरून ६० अंशांवर जातांना ३०० लिटर पाणी सुमारें साडेचार लिटरांनीं वाढतें. हें वाढीव पाणी कोठें तरी गेलें पाहिजे. उघडी वाफनळी असलेल्या टाकींत तें आपोआप वर चढतें. परंतु दाब वाढविणारा पंप आणि पाणी मागें न जाऊं देणारा व्हॉल्व्ह बसविला असेल तर वाट बंद होते व टाकींतील दाब चढतो. त्यासाठीं सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. दाब किंवा उष्णतामान मर्यादेबाहेर गेलें कीं तो उघडतो. पाणी तापत असतांना त्यांतून थेंब पडतात. हे थेंब म्हणजे गळती नव्हे. तो यंत्राचा श्वास आहे.

गेल्या वर्षीं न्हाणीघरांतील नळ दुरुस्त करण्यास आलेल्या एका कारागिरानें गच्चीवर ती ओल पाहिली आणि कोणास न विचारतां त्या नळीच्या तोंडास बूच ठोकून दिलें. काम चोख केल्याच्या समाधानानें तो गेला. आमच्याकडे दर शनिवारीं यंत्राची पाहणी करण्याचें काम मुलांकडे आहे. काय पाहावयाचें तें एका वहींत लिहिलेलें आहे. धाकट्या जाऊबाईंचा दहा वर्षांचा मुलगा वही घेऊन खालीं आला आणि म्हणाला, “काकू, पाणी तापतंय, पण थेंब पडत नाहीं!” ह्यांनीं तत्काळ वीज बंद केली, ऊन पाण्याचा नळ सोडून दाब उतरविला आणि यंत्राच्या तंत्रज्ञास बोलाविलें. त्यानें बूच काढलें, व्हॉल्व्ह बदलला, आणि फुगणाऱ्या पाण्यासाठीं एक लहानशी प्रसरण-टाकी जोडून दिली.

कोणी म्हणेल, एका बुचानें असें काय व्हावयाचें होतें? हीट पंप एकटा पाणी साठ-पासष्ट अंशांच्या वर सहसा नेऊं शकत नाहीं, हें खरें. परंतु बहुतेक टाक्यांत मदतीला विजेचा हीटरही असतो. त्याचें उष्णतामान आंवरणारा थर्मोस्टॅट अडकला, आणि त्याच वेळीं दाबाची वाटही बंद असली, तर पाणी शंभर अंशांच्या पुढें जाऊनही दाबामुळें पाणीच राहतें. टाकी जेथें फुटेल तेथें तें एकदम वाफ होतें. आणि पाण्याची वाफ झाली कीं ती सोळाशेंहून अधिक पट जागा मागते. एवढ्या जोरापुढें गच्चीचा कठडा काय आणि भिंत काय! म्हणून त्या नळीस बूच नको, तोटी नको, तिच्यावर ओझें नको. ती सरळ खालीं, उघड्या मोरींत, कोणाच्या अंगावर ऊन पाणी पडणार नाहीं अशा ठिकाणीं सोडावी.

यंत्र चालूं झाल्यावर आमच्या घरांत एक वाद उभा राहिला. तो संयुक्त कुटुंबांतच उभा राहूं शकतो. मामंजी ब्याऐंशी वर्षांचे, छाती अशक्त. त्यांच्या डॉक्टरांनीं टाकींतील पाणी कोमट ठेवूं नका म्हणून बजाविलें. कारण असें. १९७६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं माजी सैनिकांच्या संमेलनानंतर न्युमोनियाची सांथ उद्भवली. पुढील वर्षीं तिचे जंतु सांपडले, त्यांस लेजिओनेला म्हणतात. सांठलेल्या पाण्यांत २० ते ४५ अंशांच्या दरम्यान ते चांगले वाढतात, ६० अंशांवर लवकर मरतात, आणि फवाऱ्याच्या तुषारांतून श्वासावाटे फुफ्फुसांत जातात. वृद्धांस व अशक्तांस त्यांची भीति विशेष. उलट जाऊबाईंची धाकटी मुलगी दोन वर्षांची. १९४७ सालीं प्रसिद्ध झालेल्या मॉरिट्झ व हेन्रिक्स ह्यांच्या प्रयोगांवरून असें दिसतें कीं ६० अंशांचें पाणी प्रौढाची त्वचा सुमारें पांच सेकंदांत खोल भाजतें. ४९ अंशांस त्याच इजेस कित्येक मिनिटें लागतात. बालकाची त्वचा तर त्याहून नाजूक. जाऊबाई म्हणाल्या, पंचेचाळिसाच्या वर पाणी नको. आजोबांचें रक्षण करावें तर नात भाजते, आणि नातीचें करावें तर आजोबा धोक्यांत येतात!

दोन्ही बाजू खऱ्या असल्या म्हणजे मध्यें कोठें तरी थांबून भागत नाहीं. पन्नास अंश ठेवून दोन्हीं धोके अर्धे-अर्धे वांटून घेणें हा न्याय नव्हे. तोड निघाली ती आपल्या जुन्या विसणाची. टाकींत पाणी रोज ५५ अंशांवर आणि आठवड्यांतून एकदां ६० च्या वर न्यावयाचें, पण न्हाणीघराकडे जाणाऱ्या नळावर एक मिश्रण-व्हॉल्व्ह बसवावयाचा. तो आपल्याआप थंड पाणी मिसळून ४२ अंशांचें पाणी पुढें सोडतो, आणि थंड पाणी अचानक बंद पडलें तर ऊनही बंद करतो. विसण घालणारा हा हात कधीं विसरत नाहीं. तथापि मूल पाण्यांत बसविण्यापूर्वीं कोंपरानें पाणी पाहण्याची सासूबाईंची रीति आम्हीं सोडलेली नाहीं. व्हॉल्व्ह यंत्र आहे, आणि यंत्र वर्षांतून एकदां तपासलें पाहिजे.

रोजच्या वापरांत तीन पथ्यें पुरेशीं आहेत. टाकी भरून नळाला अखंड धार लागल्यावांचून यंत्र चालूं करूं नये. वीज जाऊन आली कीं तें लगेच चालूं होत नाहीं. कॉम्प्रेसरांतील दाब समतोल होईपर्यंत कांहीं मिनिटें थांबतें, त्या वेळीं बटणें दाबीत बसूं नये. आणि मदतीचा विजेचा हीटर कायमचा चालूं ठेवूं नये. हीट पंप बिघडला तरी हा हीटर गुपचूप सर्व काम करतो. पाणी ऊन मिळत राहतें, कोणास कांहींच कळत नाहीं, आणि महिन्याअखेर बिल बोलूं लागतें. म्हणून वहींत दर शनिवारीं मीटरचा आंकडाही उतरवावा. आंकडा एकाएकीं वाढला कीं यंत्र आजारी आहे असें समजावें.

निगा राखण्याचें काम अवघड नाहीं. महिन्यांतून एकदां वीज बंद करून जाळीवरील धूळ, पिसें, पानें मऊ ब्रशानें काढावीं व साध्या नळाच्या हलक्या धारेनें धुवावें. जोराच्या फवाऱ्यानें पातळ पत्रे वांकतात. पुण्यांत पारवे हे मोठे संकट. त्यांचें घरटें यंत्रामागें होऊं देऊं नये, आणि त्यांच्यासाठीं लावलेली जाळी हवा अडविणारी नसावी. महिन्यांतून एकदां आर.सी.सी.बी.चें ‘टेस्ट’ बटण दाबून तो पडतो कीं नाहीं तें पाहावें. पाण्याच्या नळावरील गाळणी दोन-तीन महिन्यांनीं साफ करावी. बोअरचें किंवा टँकरचें जड पाणी असेल तर अधिक वेळां, कारण क्षारांचा थर उष्णतेला अडवितो. टाकी काचलेपाची असेल तर तिच्यांत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजीं ती स्वतः झिजत असते. ती वर्षांतून एकदां पाहून संपत आली कीं बदलावी. सेफ्टी व्हॉल्व्ह, तारांचे जोड, अर्थिंग आणि गॅसचा दाब हें तंत्रज्ञानें वर्षाकांठीं एकदां पाहावें. यंत्राचें झांकण उघडणें मात्र घरच्यांचें काम नव्हे. वीज बंद केल्यावरही आंतील कांहीं भागांत ती थोडा वेळ उरलेली असते.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल, इतकी उठाठेव असेल तर बंबच बरा होता. मला तसें वाटत नाहीं. बंबाचीही उठाठेव होतीच. फरक इतकाच कीं ती सर्वांना पाठ होती. धूर सोसणारी एखादी आत्या किंवा आजी तिचें ओझें वाहत असे आणि बाकीचे सुखानें नहात असत. नवें यंत्र तें ओझें पुष्कळ कमी करतें. पण जें थोडें उरतें तें जाणतेपणाचें असतें, आणि जाणतेपण एका माणसाच्या डोक्यांत कोंडून ठेवणें हेंच घरास धोक्याचें. कर्त्या पुरुषाला ठाऊक आहे, तो गांवीं गेला आहे, आणि नळी गळते म्हणून कोणीं बूच ठोकलें, असें कोणत्याही घरांत होऊं शकतें. आमच्या वहीचें पहिलें पान सोप्या भाषेंत, मोठ्या अक्षरांत लिहिलेलें आहे: वीज कोठून बंद करावयाची, पाणी कोठून बंद करावयाचें, थेंब केव्हां पडावा, आणि कोणास बोलावावयाचें. तें पान सासूबाईंना वाचतां येतें, स्वयंपाकास येणाऱ्या बाईंना समजतें, आणि मुलांना पाठ आहे. ज्या घरीं असें यंत्र येईल त्या घरीं यंत्राबरोबर अशी एक वहीही यावी, आणि तिच्यांतील अक्षर एकापेक्षां अधिक माणसांचें असावें.